आवडलेलं सांगावंसं का वाटतं?

रात्री उशिरा सिनेमा संपतो. घरातले सगळे झोपलेले असतात. पडद्यावर नावांची यादी सरकत असते आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. कुणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगायचं असतं, ‘अरे, हा पाहिलास का?’ पुस्तकाचं शेवटचं पान मिटल्यावरही असंच होतं. मालिकेचा शेवटचा भाग पाहून सकाळी कामावर गेलेला माणूस डब्याच्या सुट्टीत आधी शोधतो तो तीच मालिका पाहणाऱ्या सहकाऱ्याला. तो भेटला की पोळीभाजी गार होते, पण गप्पा थांबत नाहीत.

या ओढीला बहुतेक घरांत फारशी किंमत नसते. ‘सिनेमाच्या गप्पा’ म्हणजे रिकामटेकडेपणा, अशीच समजूत असते. गेल्या वीसेक वर्षांत मात्र मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकांनी या गप्पांकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली. एखादी गोष्ट दुसऱ्याबरोबर अनुभवली की ती वेगळी का वाटते, पाहिलेलं सांगताना मेंदूत काय घडतं, एकाच गोष्टीचे चाहते एकमेकांचे मित्र का होतात, अशा प्रश्नांवर प्रयोग झाले. त्यांतून पुढे आलेली माहिती आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे.

कारण प्रश्न करमणुकीपुरता उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक नातेसंबंधांविषयीच्या आयोगाने जून २०२५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो आणि दर वर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी एकटेपणाचा संबंध आहे. एकटेपणा हा फक्त एकट्या राहणाऱ्यांचा प्रश्न नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्याकडे आळीतली माणसं जमत. आज चौघांच्या घरात चार पडदे असतात, चौघांच्या कानांत चार वेगळ्या गोष्टी चालू असतात, आणि रात्रीच्या जेवणाला कुणाकडेही दुसऱ्याला सांगण्यासारखं काही नसतं.

एकाच वेळी खाल्लेलं चॉकलेट

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या एरिका बूथबी, मार्गारेट क्लार्क आणि जॉन बार्ग यांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीला चॉकलेट चाखायला दिलं जायचं. एकदा शेजारी बसलेली दुसरी व्यक्तीही त्याच वेळी तेच चॉकलेट खात असे. दुसऱ्यांदा ती शेजारची व्यक्ती चित्रांची पुस्तिका चाळत असे. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नव्हतं. दोन्ही वेळा चॉकलेट तेच होतं, हे मात्र सहभागी व्यक्तीला सांगितलेलं नव्हतं.

शेजारचा माणूसही तेच खात असताना चॉकलेट अधिक आवडलं, त्याची चव अधिक जाणवली, असं लोकांनी नोंदवलं. पुढच्या टप्प्यात मुद्दाम कडू चॉकलेट दिलं, तेव्हा ते सोबतीने खाताना अधिकच नकोसं वाटलं. म्हणजे सोबतीमुळे प्रत्येक गोष्ट गोड होते असं नाही. सोबतीमुळे अनुभवाची तीव्रता वाढते. दुसराही हेच अनुभवतो आहे ही जाणीव झाली की आपलं लक्ष त्या गोष्टीवर अधिक एकवटतं, असं संशोधकांचं स्पष्टीकरण आहे.

नाट्यगृहात ज्या विनोदाला पोट धरून हसू येतं, तोच विनोद घरी एकट्याने ऐकला तर ओठांवर नुसतं स्मित उमटतं, याचा उलगडा बऱ्याच अंशी इथे होतो. आणि रटाळ चित्रपट चार मित्रांनी मिळून पाहिला की तो अधिकच रटाळ का वाटतो, हेही कळतं.

पडद्यासमोर जुळणारे मेंदू

मेंदूविज्ञानाने या विषयात पाऊल टाकलं ते एका काउबॉयपटाच्या मदतीने. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत उरी हॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही व्यक्तींना स्कॅनरमध्ये झोपवून ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या चित्रपटाचा अर्धा तास दाखवला. या तंत्राला एफएमआरआय म्हणतात. मेंदूच्या कोणत्या भागात रक्तपुरवठा कधी वाढतो-घटतो हे त्यातून टिपता येतं आणि त्यावरून तो भाग कधी कामात होता याचा अंदाज बांधला जातो. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात दिसलं की प्रत्येकाने स्वतंत्रपणे चित्रपट पाहिला असला, तरी मेंदूच्या बऱ्याच भागांतले चढउतार वेगवेगळ्या प्रेक्षकांत एकाच तालात होत होते. दृश्य आणि आवाज हाताळणाऱ्या भागांपुरतं हे साम्य मर्यादित नव्हतं.

पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात हॅसन यांच्या प्रयोगशाळेने पुढचा प्रश्न घेतला. चित्रपट दोघांनीही पाहिला तर मेंदू जुळतात, पण एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगितली तर? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका व्यक्तीने आपल्या आयुष्यातला एक प्रसंग तयारी न करता, सहज सांगितला. सांगताना तिच्या मेंदूची नोंद घेतली. नंतर तेच ध्वनिमुद्रण इतरांना ऐकवून त्यांच्या मेंदूची नोंद घेतली. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतले चढउतार सांगणारीच्या मेंदूमागोमाग, थोड्या अंतराने चालत होते. काही भागांत तर ऐकणाऱ्याचा मेंदू सांगणारीच्या किंचित पुढे होता, म्हणजे पुढे काय येणार याचा अंदाज घेत होता. ज्यांच्यात ही जुळणी जास्त, त्यांना गोष्ट अधिक चांगली कळली होती. मात्र ऐकणाऱ्यांना न समजणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली, तेव्हा ही जुळणी उरली नाही.

याच प्रयोगशाळेतला २०१७ मधला आणखी एक अभ्यास सिनेमा-मालिकांच्या चाहत्यांना फारच जवळचा वाटेल. त्यात बीबीसीच्या ‘शेरलॉक’ आणि ‘मर्लिन’ या मालिकांचे भाग वापरले होते. ते पाहिलेल्या व्यक्तीने आठवून, आपल्या शब्दांत गोष्ट सांगितली. ती ज्यांनी हे भाग पाहिलेच नव्हते त्यांना ऐकवली. प्रत्येक प्रसंगाचा पाहणाऱ्याच्या मेंदूत जसा ठसा उमटला होता, त्याच्याशी मिळताजुळता ठसा ऐकणाऱ्याच्या मेंदूतही दिसला. एकही चित्र न पाहता, निव्वळ कुणीतरी सांगितलं म्हणून. हे साम्य जितकं अधिक, तितकं ऐकणाऱ्याला कथानक अधिक नीट कळलेलं होतं.

चित्रपट पाहून आलेला मोठा भाऊ धाकट्या भावंडांना रात्री अंथरुणात पडल्या पडल्या अख्खा सिनेमा मारामारीच्या आवाजांसकट सांगायचा, अशी आठवण अनेक घरांत निघते. ‘तू सांगितलेला सिनेमा नंतर पाहिला, पण तुझाच चांगला होता,’ असंही कुणी म्हणतं. त्या म्हणण्यात थट्टेइतकंच तथ्यही आहे.

समानधर्मा

आठव्या शतकातला नाटककार भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा मानला जातो. ‘मालतीमाधव’ नाटकाच्या सुरुवातीला त्याने आपल्या कृतीची कदर करणारा समानधर्मा कधी ना कधी, कुठे ना कुठे भेटेल अशी आशा व्यक्त केली आहे. मराठीत हा शब्द आजही वापरात आहे. आवडी जुळणाऱ्या माणसाला याहून नेमका शब्द सापडणं कठीण.

समानधर्मा खरोखरच मेंदूत दिसतो का, याचा शोध कॅरोलिन पार्किन्सन, अ‍ॅडम क्लाइनबॉम आणि थालिया व्हीटली या संशोधकांनी घेतला. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या एका तुकडीतल्या २७९ विद्यार्थ्यांना त्यांनी ‘तुमचे मित्र कोण?’ असं विचारून मैत्रीचा संपूर्ण नकाशा तयार केला. त्यांतल्या ४२ जणांना स्कॅनरमध्ये वेगवेगळ्या प्रकारच्या चित्रफिती दाखवल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, मित्रांच्या मेंदूंचा प्रतिसाद एकमेकांशी सर्वांत जास्त जुळत होता. मित्राच्या मित्राशी तो कमी जुळला आणि त्याहून दूरच्या ओळखीत आणखी कमी. वय, लिंग, राष्ट्रीयत्व यांसारखे घटक हिशेबात धरूनही हा फरक टिकला.

यात आधी काय, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. सारखं पाहणारे लोक मित्र होतात, की मित्र झाल्यावर माणसं सारखं पाहू लागतात? रोजच्या अनुभवात दोन्ही घडताना दिसतं. पण नव्या ओळखीत ‘आवडता सिनेमा कोणता?’ हा प्रश्न लोक का विचारतात, हे यावरून समजतं. उत्तरात सिनेमाचं नाव येतं, आणि त्याबरोबर समोरचा माणूस जगाकडे कसा पाहतो याचा थोडासा अंदाजही येतो.

पाहिलेल्याच सिनेमाच्या गप्पा

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातले संवाद पाठ असलेली माणसं आजही एकत्र आली की एक जण वाक्य सुरू करतो, दुसरा पूर्ण करतो आणि सगळे हसतात. कुणालाही नवं काही कळलेलं नसतं. मग एवढा आनंद कशाचा?

गस कूनी, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१७ मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांच्या प्रयोगात बोलणारी व्यक्ती एका चित्रफितीचं वर्णन करत असे. कधी ती चित्रफीत ऐकणाऱ्यांनीही पाहिलेली असे, कधी नसे. ऐकणाऱ्यांना नवी, न पाहिलेली गोष्ट ऐकायला जास्त आवडेल असं बोलणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दलच्या बोलण्याला अधिक पसंती दिली. संशोधकांनी याला ‘नावीन्याचा दंड’ अशा अर्थाचं नाव दिलं.

कारण सोपं आहे. बोलताना माणूस खूप काही गाळतो. आपल्या डोळ्यांसमोर दृश्य स्पष्ट असतं, म्हणून समोरच्यालाही ते दिसत असेल असं त्याला वाटतं. ज्याने तो सिनेमा पाहिलेला आहे तो या गाळलेल्या जागा स्वतःच्या आठवणीतून भरतो. ज्याने पाहिलेला नाही त्याच्यासमोर ‘अरे, मग तो येतो ना, आणि ती असं बघते...’ एवढंच उरतं. ‘ते तू स्वतःच बघायला हवंस’ हे वाक्य त्यामुळेच येतं. कीर्तनाला जाणाऱ्या श्रोत्यांना आख्यानाचा शेवट पाठ असतो, तरीही ते रंगतात. कारण ते बुवांच्या बरोबरीने गोष्ट उभी करत असतात.

याच तिघा संशोधकांच्या २०१४ मधल्या प्रयोगाची दुसरी बाजू विचारात घेण्यासारखी आहे. चौघांच्या गटात एकाला उत्तम चित्रफीत दाखवली, उरलेल्या तिघांना सुमार. नंतर चौघांना गप्पा मारायला बसवलं. ज्याने उत्तम पाहिलं तो सर्वांत खूश असेल असा बाकीच्या लोकांचा अंदाज होता. झालं उलट. सुमार चित्रफितीवर तिघांच्या गप्पा रंगल्या आणि उत्तम पाहणारा एकटा पडला. जगात गाजलेली मालिका एकट्याने पाहणाऱ्यापेक्षा साधाच सिनेमा घरच्यांबरोबर पाहणारा संध्याकाळी अधिक समाधानी का असतो, याचं एक उत्तर इथे मिळतं.

सांगितलेलं टिकतं

गप्पांचा आणखी एक फायदा स्मरणशक्तीशी संबंधित आहे. वाचलेला मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा तो न पाहता आठवून सांगितला तर दीर्घकाळ लक्षात राहतो, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगातून दाखवून दिलं. मित्राला कादंबरीचं कथानक सांगणारा वाचक नकळत हाच व्यायाम करत असतो. प्रसंगांचा क्रम लावायचा, पात्रांची नावं आठवायची, कुणी काय केलं आणि का केलं हे मांडायचं, मध्येच समोरच्याने काढलेल्या शंकेला उत्तर द्यायचं, असं बरंच काम त्यात असतं.

एका बैठकीत मालिका संपवण्याची सवय या दृष्टीनेही तपासली गेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाने सहा भागांची मालिका एका दमात पाहिली, दुसऱ्याने रोज एक भाग आणि तिसऱ्याने आठवड्याला एक भाग. दुसऱ्या दिवशी एका दमात पाहणाऱ्यांना सर्वांत जास्त आठवत होतं. १४० दिवसांनी मात्र त्यांचीच आठवण सर्वांत वेगाने विरलेली दिसली. त्यांनी मालिकेचा आनंदही कमी घेतल्याचं नोंदवलं. दोन भागांच्या मध्ये वेळ असला की गोष्ट मनात घोळते. आठवड्याची मालिका असे तेव्हा ‘आता पुढे काय होणार?’ यावर सहा दिवस तर्क लढवले जात. मागची उजळणीही त्यातच होऊन जाई.

मग शेवट फोडणाऱ्या मित्राचं काय? त्यावर एकमत नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं की कथेचा शेवट आधी कळलेल्या वाचकांनी त्या कथांचा आनंद किंचित जास्तच घेतला. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र उलट निष्कर्ष आले. शास्त्राचा निकाल लागेपर्यंत ‘सांगू का शेवट?’ असं आधी विचारणं बरं. मैत्री टिकवायला तेवढं पुरतं.

ऐकणाऱ्याचा वाटा

आनंद सांगणाऱ्याला किती मिळतो हे ऐकणाऱ्यावरही अवलंबून असतं. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून या विषयावर काम केलं आहे. चांगली बातमी दुसऱ्याला सांगितली की मूळ बातमीच्या आनंदाखेरीज वेगळा आनंद मिळतो, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. पण तो मिळतो समोरच्याने उत्सुकतेने, प्रश्न विचारत, मनापासून ऐकलं तर. ‘हं, बरं’ म्हणून मोबाइलकडे वळणं, ‘त्यात काय एवढं?’ म्हणून पाणी ओतणं किंवा लगेच स्वतःचीच गोष्ट सुरू करणं, यांतल्या कशानेही हा लाभ होत नाही. जोडप्यांवरच्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात तर संकटात जोडीदार कसा वागला यापेक्षा आनंदात तो कसा वागला याचा नात्याच्या समाधानाशी अधिक जवळचा संबंध दिसला.

चौदा वर्षांची मुलगी जपानी अ‍ॅनिमे मालिकेबद्दल भरभरून बोलत असते आणि आईला त्यातलं एकही नाव कळत नाही. ‘अभ्यास झाला का?’ हा प्रश्न तोंडावर आलेला असतो. त्याऐवजी ‘त्यातला तुला सर्वांत जास्त कोण आवडतो आणि का?’ असं विचारलं तर बोलणं पुढे जातं. मुलगी त्या पात्राविषयी बोलता बोलता शाळेतल्या मैत्रिणीविषयी, भीतीविषयी, एकटं पडण्याविषयीही बोलून जाते. किशोरवयीन मुलांना स्वतःविषयी थेट बोलणं अवघड जातं. पात्राच्या आडून ते सोपं होतं.

आजोबांच्या बाबतीतही हेच लागू पडतं. सत्तर वर्षांच्या माणसाने ‘फास्टर फेणे’ची आठवण काढली आणि नातवाने ‘ते भा. रा. भागवतांचं ना? सांगा की’ म्हटलं, तर दोन पिढ्यांना अर्धा तास पुरेल एवढा विषय मिळतो.

शरीराला काय मिळतं?

ऑक्सफर्ड विद्यापीठातले रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. काही गटांना ‘स्टुअर्ट: अ लाइफ बॅकवर्ड्स’ हा मन हेलावणारा चित्रपट एकत्र दाखवला, तर इतर गटांना भावना न ढवळणारे माहितीपट. आधी आणि नंतर प्रत्येकाची वेदना सहन करण्याची क्षमता मोजली. त्यासाठी भिंतीला पाठ टेकवून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं जितका वेळ टिकेल तितका वेळ बसायचं होतं. हेलावणारा चित्रपट पाहणाऱ्यांची वेदना सोसण्याची क्षमता सरासरीने वाढली आणि बरोबर बसलेल्या अनोळखी प्रेक्षकांविषयीची आपुलकीही वाढली. शरीरात तयार होणाऱ्या एंडॉर्फिन या वेदनाशामक रसायनांशी याचा संबंध असावा, असं संशोधक मानतात. मात्र रसायन थेट मोजलेलं नव्हतं, आणि चित्रपटाचा परिणाम सगळ्यांवर सारखा झाला नव्हता.

दीर्घकालीन आकडे अधिक बोलके आहेत. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात ३ लाख ८ हजार ८४९ व्यक्तींची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध अधिक घट्ट, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त आढळली.

२०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात १६ देशांतल्या ६५ वर्षं आणि त्यापुढच्या ९३ हजार २६३ जणांची माहिती तपासली. ज्यांना काही ना काही छंद होता त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती. स्वतःचं आरोग्य, आनंद आणि आयुष्याविषयीचं समाधान यांत त्यांची स्थिती बरी होती. येल विद्यापीठाच्या २०१६ मधल्या अभ्यासात ३,६३५ जणांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. पुस्तकं वाचणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला.

हे आकडे वाचताना एक खबरदारी हवी. छंदामुळे माणूस निरोगी राहतो, तसाच निरोगी माणसालाच छंद जोपासता येतो, हेही खरं आहे. शिक्षण, उत्पन्न, आजार असे घटक संशोधक हिशेबात घेतात, तरी अशा अभ्यासांतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही. कादंबरी हे रक्तदाबाचं औषध नव्हे. पण ज्या गोष्टीतून माणसं भेटतात, बोलतात आणि पुन्हा भेटण्याचं निमित्त शोधतात ती गोष्ट आरोग्याच्या बाजूची आहे, एवढं या साऱ्या पुराव्यावरून म्हणता येतं.

वाचनालय, चित्रपट मंडळ, पुस्तकांची पेटी

महाराष्ट्राला अशा जागांची जुनी ओळख आहे. पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ मधली, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधलं आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मधलं. वाचनालयात पुस्तक बदलायला आलेला माणूस ग्रंथपालाला किंवा रांगेतल्या सभासदाला ‘हे कसं आहे?’ असं विचारतोच. अनेकांच्या वाचनाला वळण लागलं ते असल्या दोन मिनिटांच्या बोलण्याने.

सिनेमाच्या बाबतीत हे काम चित्रपट मंडळांनी केलं. देशभरातल्या फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ मध्ये स्थापन झाला आणि सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष होते. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. जगभरातले चित्रपट एकत्र बसून पाहायचे आणि नंतर त्यांवर बोलायचं, ही पद्धत अशा मंडळांनी रुजवली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांत फिरतात. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या भिलार गावात २०१७ पासून घराघरांत पुस्तकं ठेवून ‘पुस्तकांचं गाव’ उभं राहिलं आहे. या सगळ्यांत पुस्तक किंवा सिनेमा हे निमित्त, आणि त्याभोवती माणसं जमतात.

कुठे थांबायचं?

आवडीचं रूपांतर त्रासातही होऊ शकतं. पडद्यावरच्या व्यक्तीशी आपलं खरंच नातं आहे असं वाटण्याला डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या समाजशास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये नाव दिलं, ते म्हणजे ‘परासामाजिक’ नातं. ते एकतर्फी असतं. प्रमाणात असलं तर त्यात वावगं काही नाही. आवडतं पात्र मेलं म्हणून दोन दिवस चुकचुकणं स्वाभाविक आहे. पण प्रत्यक्षातल्या माणसांची जागा पात्रांनी घेतली, झोप तुटू लागली, काम किंवा अभ्यास मागे पडू लागला, तर थांबून विचार करायला हवा.

चाहत्यांच्या गटांत भांडणंही होतात. आपला आवडता नट, लेखक किंवा मालिका न आवडणाऱ्याला मूर्ख ठरवलं जातं, नव्याने आलेल्याची परीक्षा घेतली जाते. आवड सांगायला येणारा माणूस स्वतःचा एक हळवा कोपरा उघडत असतो. त्याची टिंगल झाली तर तो पुन्हा बोलत नाही.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. पूर्वी आवडणाऱ्या सिनेमा-पुस्तकांत अचानक मन लागेनासं झालं, कुणाशी बोलावंसं वाटेना आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलं, तर तो आळस नसून नैराश्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी ‘एखादा विनोदी सिनेमा बघ, बरं वाटेल’ हा सल्ला पुरेसा नसतो. डॉक्टरांना भेटायला हवं. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या १४४१६ क्रमांकाच्या मोफत दूरध्वनी सेवेवरही मदत मिळते.

सुरुवात कुठून करायची?

मोठं मंडळ काढायची गरज नाही. दोन माणसं पुरतात. वेगवेगळ्या शहरांत राहणाऱ्या बहिणी एकच पुस्तक एकाच महिन्यात वाचू शकतात आणि रविवारी फोनवर त्यावर बोलू शकतात. घरात आठवड्यातला एक सिनेमा सगळ्यांनी एका पडद्यावर पाहायचा आणि निवड पाळीपाळीने करायची, असं ठरवता येतं. कुणाच्या तरी पाळीत कंटाळा येईल, पण त्या कंटाळ्याच्या गप्पाही रंगतात.

मालिका दोघांत मिळून पाहायची असेल तर एका वेळी एक-दोन भागच पाहावेत आणि मधला वेळ बोलण्यासाठी ठेवावा. सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी महिन्यातून एकदा जुना मराठी चित्रपट आणि नंतर चहा, एवढा कार्यक्रम पुरेसा असतो. चहाची वेळ मात्र सिनेमा संपल्यावरच ठेवावी, म्हणजे बोलणं होतं. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे त्यांना रोज दहा पानं वाचून दाखवणारा नातू किंवा शेजारी मिळाला तर वाचणारा आणि ऐकणारा अशा दोघांनाही गोष्ट लाभते.

शिफारस करताना यादी पाठवू नये, असा अनुभवी वाचकांचा सल्ला असतो. वीस नावांची यादी कुणी उघडतही नाही. एकच पुस्तक हातात द्यावं आणि ‘तुला हे का आवडेल’ ते एका वाक्यात सांगावं. पंधरा दिवसांनी आठवणीने विचारावं, ‘कुठपर्यंत आलास?’ उत्तर ‘अजून उघडलंच नाही’ असं आलं तरी रागावू नये. विचारायला कुणीतरी आहे, एवढं समोरच्याला कळलेलं असतं.